धाकट्या भावाच्या मापाची पँट

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. शर्टाच्या खिशात बसची तिकिटं, सुपारीचे कागद, कुणाची तरी पत्त्याची चिठ्ठी असा कचरा जसा आपोआप साठतो, तसे ते साठतात. मग एके दिवशी धुण्याआधी खिसा उलटा करावा आणि आपलं आपल्यालाच नवल वाटावं : एवढं सगळं आपण अंगावर घेऊन हिंडत होतो!

माझे सगळे किस्से कपड्यांचे आणि केसांचे आहेत. ते लिहावेत की नाही, याचा विचार मी बरीच वर्षं केला आणि अजून निर्णय झालेला नाही. दत्तू मात्र रोज संध्याकाळी टिळकवाडीतल्या बाकावर बसून मला टोचतो. "लिहून काढ रं शशी. तू गेल्यावर मी सांगाय लागलो तर लोकं म्हणतील, वकील हाय, थापा मारायलाय."

दत्तू माझा निपाणीच्या शाळेपासूनचा मित्र. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस. पानाची कड करवती आहे की नुसतीच दातेरी, यावर आयुष्यभर वाद घालत आलो, त्यामुळे 'बहुधा' जोडल्याशिवाय माझ्या हातून एक वाक्य सुटत नाही. तेवढं सोसून घ्यावं.

सुरुवातीला एवढंच सांगतो. मी जन्मलो ती मुलगी म्हणून. कळायला लागल्यापासून मी स्वतःला मुलगाच समजत होतो. आज याला शब्द आहेत, सत्तरच्या दशकात आमच्याकडे नव्हते. नाव शशी, ते दोन्हीकडे चालून गेलं. कागदपत्रांची कथा लांबलचक आणि कंटाळवाणी आहे, ती इथे सांगत नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. मी मनातलं सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुला काय घालायचं ती घाल. पर त्या कपड्यात ह्या दारात उभं ऱ्हायचं न्हाई."

बेळगावहून निपाणी काही तासांची बस. ते दार मात्र मला कितीतरी वर्षं लांब होतं. खाली जे काही सांगतोय ते हसण्यावारी घ्या, पण त्या प्रत्येक वेळी माझ्या डोक्यात ते दार होतं.

\*

पहिली पँट खडेबाजारात घेतली. मी तेव्हा एम.एस्सी. होऊन नुकताच बेळगावला आलो होतो, आणि अंगावर साडी होती. दत्तूनं दुकानात शिरताना वकिली आव आणला.

"ह्यांच्या धाकट्या भावाला पँट-शर्ट दाखवा."

"भाऊ कुठाय?"

"गावाकडं."

"अंगानं केवढा हाय?"

दत्तू पुढे कोर्टात कधी अडखळला नाही, पण इथे अडखळला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "एवढाच."

"मग सोपं झालं की!" दुकानदारानं चौकड्याचा एक शर्ट पदरावरूनच माझ्या खांद्यांना लावला आणि मला आरशाकडे वळवलं. शर्ट मोठा होता. पदर पूर्ण झाकला गेला.

"बघा आक्का! भावाला किती शोभंल!"

 दत्तू म्हणतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटतं, दुकानात धूळ होती.

पुडकं बांधता बांधता दुकानदार दत्तूला म्हणाला, "भाऊ नशीबवान हाय बघा. भावाची एवढी काळजी करणारी बहीण कुणाला मिळती?"

खरंच आहे. तिच्यानंतर माझ्या कपड्यांची एवढी काळजी कुणीच केली नाही!

\*

केसांचा प्रश्न कपड्यांहून अवघड. पँट घरात कडी लावून घालून बघता येते, केस न्हाव्यासमोर बसूनच कापावे लागतात. दत्तूची बायको कुसुमवहिनी म्हणाली, "पहिला हात मी फिरवते. वेणी बघून न्हावी बिचकंल." तिनं शिवणाच्या कात्रीनं वेणी उतरवली आणि मग बाजू सारख्या करायला घेतल्या. डावी बाजू उजवीसारखी करायची, मग उजवी डावीसारखी. शेवटी तिनं कात्री ठेवली आणि तोंडाला पदर लावून हसत बसली.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दत्तूनं मला सायकलवर डबलसीट घेऊन सांबऱ्याला नेलं. तिथे झाडाखाली एक न्हावी बसायचा. चार-पाच माणसं नंबर लावून होती. न्हाव्यानं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि भांडं तपासावं तसं फिरवलं.

"हे कुणी कापलं वो?"

"घरी कापलं," मी शक्य तितक्या जाड आवाजात म्हणालो.

"बायकूनं?"

बायकोनंच कापले होते. कुणाच्या, ते त्यानं विचारलं नाही. "व्हय," मी म्हणालो.

"भांडण झालतं काय?"

सगळे हसले. आणि मग एकेकाची जीभ सुटली. एकाच्या बायकोनं रागानं त्याचं धोतर चुलीत घातलं होतं. दुसऱ्याची माहेरी गेली ती म्हैस घेऊन गेली होती. प्रत्येक जण आपलं सांगून माझ्याकडे बघायचा, "तुमास्नी ठाऊकच हाय म्हणा!" आणि मी मान हलवायचो. पुरुषांत बसायला काय काय लागतं याची मी केवढी यादी मनाशी केली होती! चाल, आवाज, विडी ओढणं. प्रत्यक्षात बायकोचं गाऱ्हाणं पुरलं, आणि बायको तर मला नव्हतीच.

शेवटी न्हाव्यानं न विचारता माझ्या गालांना साबण लावला, वस्तरा फिरवला आणि हनुवटी निरखली.

"मिशी न्हाई व्हय येत?"

 तेवढ्यात म्हैसवाला म्हणाला, "आरं, त्येची बायकू बघिटलीस न्हवं कात्री कशी चालवती? मिशी कशी बाहीर ईल!"

\*

चालण्याचे धडे दत्तूनं दिले. कॅम्पच्या रस्त्यावर सकाळी रहदारी कमी असायची. तो पुढे, मी मागे.

"परीक्षेला निघाल्यागत चालू नगं. उशीर झाला तरी कुणाच्या बापाचं काय जातंय, असं चाल."

मी अभ्यासू. त्याचं पाऊल कसं पडतं, खांदा कुठे झुकतो, हात किती हलतो, सगळं टिपून तसंच करायचो. महिनाभरात पक्कं झालं. मी एका खासगी क्लासमध्ये शिकवायला लागलो, तेव्हा फळ्यापासून दारापर्यंत असा चालायचो की माझं मलाच समाधान वाटावं.

क्लासात मी जाधव सर. एक दिवस क्लासचे मालक दत्तूला म्हणाले, "जाधव सर तुमचे नात्यातले का हो? दोघांचाही डावा पाय अधू दिसतो. घराण्यात आहे का?"

दत्तू लहानपणी चिंचेच्या झाडावरून पडला होता. तेव्हापासून तो किंचित लंगडतो. आम्हा दोघांच्याही हे डोक्यातच आलं नव्हतं!

ती सवय पुढे सुटलीच नाही. दत्तूचा पाय आता ऑपरेशननं सरळ झाला आहे, मी अजून लंगडतो.

\*

तयार शर्ट अंगाला नीट बसेनात, आणि शिवायला टाकायचे तर शिंपी माप घेणार. छातीचं माप मला नको होतं. आतून मी वहिनीनं मांजरपाटाची शिवून दिलेली घट्ट बंडी घालायचो. तिला आम्ही 'चिलखत' म्हणायचो. उन्हाळ्यात त्या चिलखतात जीव नकोसा व्हायचा, पण ते टेपखाली सापडावं अशी इच्छा नव्हती. यावर दत्तूनं तोडगा काढला. "मापाला जुना शर्ट द्यायचा. शिंपी अंगाला हात लावतच न्हाई."

मापाला दिला तो दत्तूचा शर्ट. दत्तू तेव्हाही पोटानं भरलेला होता.

हणमंत मास्टरनं शिवलेले शर्ट माझ्या अंगावर तंबूसारखे लोंबायचे. मला ते फार सोयीचे होते. आत कोण आहे ते बाहेरून कळायचं नाही. पण मास्टरला आपल्या हातावर विश्वास होता. माप चुकणं त्याला मान्यच नव्हतं. चौथा की पाचवा शर्ट घ्यायला गेलो, तेव्हा त्यानं मला खालीवर बघितलं आणि मशीन थांबवलं.

"सर, लई वाळलासा की वो!"

"नाही, बरा आहे मी."

"कशाचं बरं? शर्ट टाकला तवा भरीव व्हतासा. आवाजबी बारीक झालाय. खोकला हाय काय?"

माझ्या भित्र्या स्वभावाप्रमाणे मला तिथेच खोकला आला.

झालं! आठवड्याभरात बाजारात झालं की जाधव सरांना टीबी आहे. लोक दोन हात लांब उभे राहू लागले. कुणी खांद्यावर हात टाकेना, कुणी मिठी मारेना. आवाज असा का, मिशी का नाही, असं विचारायचं सोडून "अंडी खावा सर" म्हणू लागले. मला वाटतं, त्या दोन-तीन वर्षांत मी जितका निर्धास्त हिंडलो तितका पुढे कधी हिंडलो नाही.

मास्टर मात्र मनानं चांगला. पुढच्या वेळी हळूच म्हणाला, "ह्या बारीला जरा आत घिऊन शिवतो. बरं झालासा की उसवून देतो!"

\*

एके दुपारी क्लासच्या शिपायानं वर्गात येऊन सांगितलं, "सर, कोणतर म्हातारं आलंय. नाव सांगंना. 'निपाणीचं सर हायत काय' एवढंच म्हणतंय."

बाहेर ऑफिसात खुर्चीच्या कडेवर आप्पा बसले होते. टोपी गुडघ्यावर. मालक त्यांना अदबीनं विचारत होते, "आपण सरांचे कोण?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. तंबूसारखा शर्ट, पँट, आखूड केस. मला त्या कपड्यांत ते पहिल्यांदाच बघत होते. मी दारात उभा होतो; फक्त हे दार त्यांचं नव्हतं.

"मी त्येंच्या गावचा," आप्पा म्हणाले.

चहा आला. मालक गेल्यावर आप्पा कपाकडे बघत बोलले.

"धाकटीचं, शैलाचं लगीन ठरलंय. गडहिंग्लजचं पावणं हायत. थोरली लांब नोकरीला हाय, तिला सुट्टी न्हाई, आसं सांगिटलंय त्यांस्नी."

"बरं."

"शैला म्हणती, शशी आला न्हाई तर बोहल्यावर चढणार न्हाई." गुडघ्यावरची टोपी सारखी करत ते म्हणाले, "यायचं. पर मांडवात मागं बसायचं. कुणी इचारलं तर गावचा म्हणून सांगायचं."

मी मान हलवली. आप्पांनी चहा बशीत ओतला, मग तो न पिताच उठले. जाताना शिपायाला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. शिपाई नंतर मला म्हणाला, "तुमच्या गावचं म्हातारं लई काळजीचं दिसतंय. 'सर एवढं ढगळ का घालत्यात? पोटाला खात्यात न्हवं?' म्हणून इचारत हुतं."

\*

शैला ब्लाऊजपीसचं मॅचिंग बघायला बेळगावला आली. मी तिच्याबरोबर दुकानात गेलो. दुकानदारानं गादीवर पानांसारख्या साड्या पसरल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सायेब, ही अंजिरी घेऊन टाका. वैनीस्नी उठून दिसंल."

मी घाबरून उठलो. शैला जागची हलली नाही. ती साडीवरून हात फिरवत, पण अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वैनी कुणाची वो? ह्यो माझा दादा हाय!"

"चुकलं ताई, चुकलं!" दुकानदार कानाला हात लावून म्हणाला. "नाकावरनं तरी वळखायला पायजे हुतं."

बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, "लग्नात असं काही बोलू नकोस. आप्पांना कबूल केलंय मी."

"तू केलंईस," शैला म्हणाली. "मी कुठं केलंय?"

मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

\*

लग्नाला काय घालायचं यावर आमच्या घरी, म्हणजे दत्तूच्या घरी, मोठी चर्चा झाली. ऐंशीचं दशक सुरू झालं होतं आणि सफारीची फॅशन आली होती. जाड कापड, बाहेर सोडलेला कोट, छातीवर झडपांचे दोन खिसे, खाली आणखी दोन. मला वाटतं, सफारी माझी अडचण ओळखूनच कुणीतरी काढली असावी! मी मातकट रंगाची घेतली आणि छाती सपाट दिसावी म्हणून वरच्या खिशांत डायरी, चष्म्याची डबी, पेनं, रुमाल सगळं कोंबलं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, मामलेदार दिसायलासा."

मामलेदार परवडला असता. मी निपाणीच्या बसमध्ये चढलो आणि कंडक्टर ताडकन उभा राहिला.

"बर्री सर, कुंद्रि!" असं कानडीत 'या, बसा' म्हणत त्यानं पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवून मला बसवलं. मला काही कळेना. मग तो मागे गेला आणि ज्यांची तिकिटं काढायची राहिली होती त्यांच्या मागे लागला. छतावरच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं तिकीट फाडलं. दारात लोंबकळणाऱ्यांना आत ओढलं. संकेश्वरपर्यंत बसमध्ये चिटपाखरू बिनतिकिटाचं राहिलं नव्हतं.

मी तिकिटासाठी खिशात हात घातला तर तो खाली वाकून कानाशी म्हणाला, "कशाला लाजवताय सर? तपासणीचा माणूस आम्हाला लांबनं कळतो!"

तिकीट काढतोच म्हणून मी हट्ट धरला, तर बिचाऱ्याच्या कपाळाला घाम फुटला. त्याला वाटलं, मी त्याची परीक्षा बघतोय.

निपाणीत उतरताना मला बरं वाटायला हवं होतं. सगळी बस मला साहेब समजत होती. पण बसमधल्या कुणी मला लहानपणी परकरात बघितलेलं नव्हतं.

\*

मांडव वखारीच्या आवारात घातला होता. हंगाम संपला तरी तंबाखूचा वास जमिनीतच मुरलेला. निपाणीकरांना तो कळतही नाही, पण गडहिंग्लजचं वऱ्हाड पाय ठेवल्यापासून शिंकत होतं. मंगलाष्टकांत नवरदेव शिंकला, त्याचा मामा शिंकला, शेवटी भटजीही शिंकले आणि अक्षता एक कडवं आधीच पडल्या.

मी सगळ्यांत मागे, खांबाच्या आड बसलो होतो. निघायच्या आदल्या दिवशी धास्तीनं मी दोनदा सलूनमध्ये जाऊन आलो होतो. सकाळी कापलेले केस संध्याकाळी आरशात मोठे वाटले, म्हणून परत गेलो. डोकं जवळजवळ तुळतुळीत झालं होतं. आजूबाजूच्या बायका बघायच्या, कुजबुजायच्या. आई एकदा ताट घेऊन आली, माझ्यापुढे जिलेबी ठेवली आणि गेली.

होम झाला. भटजींनी हाक दिली, "चला, कानपिळ्या कुठाय? नवरीचा भाऊ या पुढे!"

आमच्याकडे नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि नवऱ्याकडचे त्याला टोपी-टॉवेल, कपडे देऊन मान करतात. आप्पांनी चुलत्याच्या बाळूला सांगून ठेवलं होतं. बाळू बाह्या मागे सारत पुढे आला.

शैलानं मुंडावळ्या बाजूला केल्या. "बाळूदादा, तू न्हवं."

बाळूचा हात तसाच राहिला. "मग कोण गं?"

 शैलानं माझ्याकडे बघितलंच नाही. ती आप्पांकडे बघत होती.

 मी खांब धरला. आता उठून निघून जावं की बसून राहावं, कशानं तिचं कमी नुकसान होईल, याचा मी हिशेब करत होतो आणि तो जुळत नव्हता.

नवरदेव म्हणाला, "अवो, कुणीबी पिळा, पर लवकर पिळा! नुसती वाट बघूनच कान तापलाय." वऱ्हाड हसलं. त्याचा मामा टोपी-टॉवेलाचं ताट हातात धरून अवघडला होता. तो आप्पांना म्हणाला, "पावणं, तुमास्नी ल्योक न्हाई म्हणून सांगिटलं हुतं न्हवं? मग ही टोपी कुणाला घालायची?"

आप्पा उठले. त्यांनी ताटातली टोपी उचलली आणि माणसांमधून वाट काढत मागे येऊ लागले. मी उभा राहिलो. मला बाहेर काढायला येताहेत असं वाटून मी चपलाही शोधल्या.

ते समोर येऊन थांबले. माझ्या सफारीकडे बघितलं. एका खिशाची झडप वर गेली होती, ती खाली केली. मग टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. धरायला केसच नव्हते, ती घसरून कानांवर आली. आप्पांनी ती काढली, माझ्या तुळतुळीत डोक्यावरून एकदा तळहात फिरवला, आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असे खेकसले,

"एवढं बारीक कशाला कापायचं रं? मी जित्ता हाय अजून!"